करड्याची चटई

बुधवारी सकाळी करड्यानं शाळेची सात पोरं देवळाच्या भिंतीला लावून उभी केली.

चावला नाही, भुंकलाही नाही. पोरं दप्तरं पाठीला लावून रस्त्यानं पांगून चालली होती. कुणी पुढं, कुणी मागं, कुणी बोरीखाली वाकलेलं. करड्या लंगडत आला, एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून, आणि बघता बघता सातही पोरं एका जागी गोळा झाली. मग तो त्यांच्यासमोर पुढचे पाय पसरून बसला. कुणी पाऊल टाकलं की उठायचा, खांद्यानं हळूच मागं लोटायचा, पुन्हा बसायचा. शाळेत प्रार्थना झाली, हजेरी झाली, पोरं मात्र भिंतीलाच. शेवटी ठकुबाईची नात प्रेरणा रडायला लागली, तेव्हा आळीला कळलं.

ठकुबाई शेजारचीच. ती नातीचा हात धरून सोमनाथच्या दारात उभी राहिली.

"सोमनाथ! ए सोमनाथ! तुज्या कुत्र्यानं पोरं कोंडवाड्यात घातली बग!"

सोमनाथ कंपनीत निघाला होता. हेल्मेट हातात, गाडीची किल्ली तोंडात. किल्ली काढून तो म्हणाला, "काकी, चावलं का कुणाला?"

"चावल्यावर येऊ व्हय सांगाया? गेल्या आठवड्यात माज्या कोंबड्या न्हाणीत कोंडल्या. म्या आंघुळीला गेले तर आत धा कोंबड्या आन दारात ह्यो! कांद्याचं रोप उकरलं ते येगळंच. आज पोरं झाली. उद्या मला म्हातारीला भिताडाला लावंल."

"लावू दे की," सोमनाथची बायको सुलक्षणा शिलाई मशीनवरून हळूच म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सोमनाथनं आईकडं पाहिलं. बनाबाई ओट्याच्या कडेला बसली होती. तिच्या पायाशी करड्या. राखाडी अंगाचा, रुंद छातीचा, उजव्या मांडीवर केस न उगवलेला एक लांब वण. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असताना बिबट्यानं काढलेला.

"आये, आता बास," सोमनाथ म्हणाला. "शिवऱ्याच्या गोडाऊनला राखणीला कुत्रं पायजे म्हणून तितला टेम्पोवाला पप्पू कवाचा मागं लागलाय. रविवारी टेम्पो घिऊन येईल आन घिऊन जाईल."

"तितं काय करील त्यो?"

"काय करील म्हंजी? बसंल. साखळीला. दोन टायमाला खायाला मिळंल."

करड्याच्या कानामागं बनाबाईची बोटं फिरत होती, ती तेवढी थांबली.

तिला या घरी येऊन दोन महिने झाले होते. आयुष्य गेलं डोंगरावर, धनगरवाड्यात. भाद्रपदात सोनबा गेला, तिचा नवरा. दिवाळी झाल्यावर पुतण्या बंडू मेंढरं घेऊन वरंध्याचा घाट उतरून कोकणात गेला, दरवर्षी जातात तसा. पण या वर्षी बनाबाईचे गुडघे घाट उतरायला तयार नव्हते आणि करड्याची मांडीही. कळप वळणाआड गेला, घंटा ऐकू यायच्या थांबल्या, आणि वाटेवर उरली एक बाई आणि एक कुत्रं. मग सोमनाथ गेला आणि दोघांनाही किकवीला घेऊन आला.

किकवीत काय कमी होतं? पक्कं घर, नळाला पाणी, दारावरून एसटी. सून वाईट नव्हती. दोघींत भांडण नव्हतं, बोलायला विषयच नव्हता. बनाबाई सकाळी उठायची आणि हाताला काम शोधायची, तर भांडी घासून झालेली, अंगण झाडून झालेलं. करड्याही उठायचा आणि काम शोधायचा. तिला सापडत नव्हतं, ती गप्प बसायची. त्याला सापडत नव्हतं, तर तो गोळा करायचा. कोंबड्या, चपला, दोरीवरचे कपडे, पोरं. दुपारी हायवेकडं तोंड करून बसायचा आणि एकेक ट्रक नजरेनं वळणापर्यंत पोचवून परत यायचा.

रविवार चार दिवसांवर होता.

*

सुलक्षणाचं शिवणकाम ओट्यावरच चालायचं. ब्लाऊज, परकर, आणि गेल्या वर्षापासून एक नवीनच काम. पुण्यात शेफाली मॅडम म्हणून एक बाई होती, पाळलेल्या कुत्र्यामांजरांच्या वस्तूंचं दुकान चालवणारी. तिच्यासाठी सुलक्षणा आणि बचत गटातल्या दोघीजणी चटया करायच्या. गोणपाटाला बोटभर अंतरावर भोकं पाडायची, त्यातून कापडाच्या चिंध्या ओवायच्या, वर गाठ मारायची. चटई पुरी झाली की दाट गवतासारखी दिसायची. लाल, हिरवी, पिवळी. कुत्र्याचा खाऊ त्या चिंध्यांत दडवायचा आणि कुत्र्यानं हुंगून हुंगून तो शोधायचा. बायका तिला हुंगायची चटई म्हणायच्या.

ठकुबाईनं पहिल्यांदा बघितली तेव्हा कमरेवर हात ठेवून ती हसली होती. "शेरातल्या कुत्र्यास्नी भाकर ताटात नकू, चिंध्यात पायजे व्हय? लाड तरी किती!"

बनाबाईनंही ते काम रोज बघितलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी दुनियेतलं होतं. त्या बुधवारी दुपारी मात्र ती उठून मशीनजवळ येऊन बसली. एक अर्धवट चटई हातात घेतली, चिंध्यांतून बोटं फिरवली.

"हे कशापायी करत्यात गं?"

सुलक्षणानं मशीन थांबवलं. सासूनं आपणहून काही विचारल्याला बरेच दिवस झाले होते.

"मॅडम सांगत व्हत्या, आत्या. कुत्रं नाकानं इचार करतं म्हणं. आपण डोळ्यांनी करतो तसा. घरात बसून बसून त्याचं डोस्कं आंबतं, मग ते चपला फाडतं, भुंकत ऱ्हातं. खायाचं असं दडवून ठिवलं आन वासानं हुडकाया लावलं, की त्याच्या डोस्क्याला काम मिळतं. अर्धा तास हुंगलं तर कोसभर चालल्यागत दमतं आन गप निजतं."

"गप निजतं," बनाबाई स्वतःशी म्हणाली. करड्या हायवेवरचा एक गॅसचा टँकर नजरेनं पोचवत होता.

"मला एक करून देतीस का?"

"देते की! त्यात काय. ह्याच ढिगातली चिंधी घिऊ?"

बनाबाई उठली, आत गेली आणि घडी घातलेली काळी घोंगडी घेऊन आली. सुलक्षणाचा हात तोंडावर गेला. "आत्या! मामांची घोंगडी?"

"त्यांच्यासंगं दिली न्हाई म्या. ठिवून घेतली." बनाबाईनं घोंगडी नाकाशी धरली. "ह्यात समदं हाय बग. मेंढराचा वास, धन्याचा वास, धुराचा, पावसाचा. ह्या चिंध्यांत करड्याला काय कळणार? पेट्रोलचा आन साबणाचा वास नुसता. ह्यात नाक घातलं की त्याला आपलं रान घावंल."

सुलक्षणाला हे खरं वाटलं. वाटण्यासारखंच होतं. तिच्या मनात आलं, ही बाई दोन महिने या घोंगडीवर डोकं ठेवून निजत असणार, आणि आज कुत्र्यासाठी ती कातरीखाली देतेय. तिनं अर्धीच कापली. अर्धी पुन्हा घडी घालून सासूच्या मांडीवर ठेवली.

दाट विणीची ती घोंगडी. कातर धड चालेना, मशीनच्या दोन सुया मोडल्या, म्हणून बाकीचं हातानंच ओवलं. दोघींनी मिळून. एकीनं भोकातून पट्टी ओढायची, दुसरीनं गाठ मारायची. गुरुवारी संध्याकाळी चटई झाली. काळी, दाट, खरखरीत. बनाबाईनं भाकरीचे तुकडे आणि सुकटीची डोकी तिच्यात खोल दडवली. दडवता दडवता ती गुणगुणली, कित्येक दिवसांनी:

"करड्या माजा बाई, रानाचा राखणदार,
नाकानं वाचीतो, दवाचा समाचार."

"आत्या, तुमाला गाणी येत्यात?"

"जात्यावरची. धा-वीस. न्हाईतर जोडायची मनानं."

चटई ओट्याखाली मांडली. करड्या आला. दोन हातांवर थांबला. नाकपुड्या उघडल्या, मिटल्या, उघडल्या. सगळं अंग एकदा थरथरलं. मग तो चटईभोवती एक फेरी घालून तिच्या कडेला बसला. चटईकडं पाठ, तोंड रस्त्याकडं.

"हुडक की रं," बनाबाई म्हणाली. "खा. त्यात हाय बग."

करड्यानं शेपटी दोनदा आपटली. पण तोंड घातलं नाही.

"नवं हाय, शिकंल," सुलक्षणा म्हणाली. "ताटात देऊ नगा आज. ताटात मिळालं तर हुडकंल कशाला?"

*

शुक्रवारी सकाळी भाकरी तशीच होती. चिंध्यांत वाळलेली, कडक. करड्या रात्रभर चटईच्या कडेला होता, जागचा हलला नव्हता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. म्हणजे वास येत होता. भूकही होती.

"नाक गेलं जणू त्याचं," बनाबाई म्हणाली. "म्हातारा झाला. धन्यामागं त्याचंबी सरलं."

आणि वरून आणखी एक झालं. सोमनाथ गाडी काढायला गेला, त्याचा बूट चटईच्या कोपऱ्यावर पडला. करड्या गुरकावला. खोल, पोटातून. दात दिसले. घरच्या माणसावर तो आजवर कधीही गुरकावला नव्हता.

सोमनाथ मागं सरला. "बग! बगितलंस, आये? परवा पोरं, आज म्या. घोंगडी फाडून काय मिळवलं तुमी दोघींनी?" त्यानं मोबाईल काढला आणि तिथंच उभं राहून पप्पूला सांगितलं, "रविवारी नक्की ये. हां. सकाळीच ये."

गाडी गेली. बनाबाई ओट्यावर बसून राहिली. सुलक्षणानं तिच्यापुढं चहा ठेवला, तो निवला. सोमनाथची चूक नव्हती, हे बनाबाईला कळत होतं. त्याला आळीत राहायचं होतं. पण डोळ्यांपुढून साखळी जात नव्हती. डोंगरावर करड्याच्या गळ्यात कधी दोरीसुद्धा बांधली नव्हती.

दुपारी ठकुबाईच्या कोंबड्या आल्या. सुकटीचा वास त्यांनाही पोचला होता. एक तांबडी कोंबडी तुरुतुरु येऊन चटईवर चढली आणि चिंध्यांत चोच मारायला लागली.

करड्या उठला. कोंबडीला धरलं नाही, पाठलाग केला नाही. तो चटईच्या या बाजूला आला, कपाळ खाली केलं, आणि कपाळानं चटई ढकलायला लागला. हळू, एकेक वीत. कोंबडी फडफडत उतरली. चटई भिंतीपर्यंत गेली, भिंतीला टेकली, आणि मग करड्या तिच्यासमोर पाय पसरून बसला.

ढकलताना चटई तिरकी झाली होती. एक सुकटीचं डोकं चिंध्यांतून निसटून फरशीवर पडलं. करड्यानं ते बघितलं. मान लांब केली आणि एका घासात गिळलं, इतक्या घाईनं की फरशीही चाटली. मग पुन्हा चटईकडं पाठ करून बसला. मागं अर्धी भाकरी दडलेली, आणि हा लाळ गाळत बसलेला.

बनाबाईचा हात कपाळावर गेला.

"अगं बया. अगं बया गं."

"काय झालं, आत्या?"

"लोकर! म्याच... आमीच शिकवलंय त्याला. सुलक्षणा, आमीच शिकवलंय गं!"

आणि मग तिनं सांगितलं. शब्द एकमेकांवर पडत होते. करड्या दोन महिन्यांचा होता, ओंजळीत मावेल एवढा. मेंढरांच्या कुत्र्याला पहिली शिकवण एकच असते, लोकरीला तोंड लावायचं नाही. ज्या कुत्र्याला लोकरीची चव लागली, ते उद्या कोकरू धरतं. म्हणून सोनबा लोकरीचा एक पुंजका घ्यायचा, त्यात भाकरीचा तुकडा दडवायचा आणि पिल्लासमोर ठेवायचा. पिल्लानं तोंड घातलं की नाकावर टिचकी. "हं! लोकरीला तोंड न्हाई." पुन्हा पुंजका, पुन्हा टिचकी. महिनाभर. मग एक दिवस पिल्लू पुंजक्याकडं पाठ करून बसलं. भुकेलं होतं, पण बसलं. तेव्हा सोनबानं ती भाकरी लोकरीतून काढून स्वतःच्या तळहातावर ठेवली आणि त्याला चारली. नऊ वर्षं झाली. करड्यानं मेंढराला ढकललं, वळवलं, राखलं, बिबट्याला आडवा गेला, पण लोकरीला कधी दात लागू दिला नाही.

"आन म्या काय केलं?" बनाबाई म्हणाली. "त्येच परत मांडलं त्याच्यापुढं. लोकर, आन लोकरीत भाकर. माज्या लेखी ती घोंगडी, पांघरायची. त्याच्या नाकाला मेंढरूच की ते! कालपास्नं उपाशी ऱ्हायलं लेकरू, पण शब्द मोडला न्हाई. आन म्या म्हणते, नाक गेलं!"

तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही कळत नव्हतं. ती ओट्यावरून उतरली, गुडघ्यांना हात देत चटईजवळ बसली. एकेक चिंधी बाजूला करून सगळे तुकडे वेचले, तळहातावर ठेवले आणि हात पुढं केला. करड्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"शाबास," ती म्हणाली. "शाबास माज्या वाघा. खा."

त्यानं तिचा हात पार कोरडा होईस्तोवर चाटला. सुलक्षणानं आतून दूध-भाकरीचं मोठं ताट भरून आणलं, ते त्याच्यापुढं ठेवलं आणि त्याचं खाऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली. पदरानं डोळे पुसत. कुत्र्यांना ती आजवर जरा भ्यायचीच.

*

घोंगडीची चटई बनाबाईनं झटकून उशाशी नेऊन ठेवली. सुलक्षणानं पुण्याला जाणाऱ्या गठ्ठ्यातून एक सुती चटई काढली.

"मॅडमला एक कमी पाठवीन. त्यास्नी काय सांगायचं ते म्या बगते."

त्यात सुकट दडवली. पण दोन दिवसांत करड्या शहाणा झाला होता. खाली काय आहे हे कळत होतं, परवानगी आहे का हे कळत नव्हतं. तो चटईसमोर बसून बनाबाईकडं बघत राहिला.

"आता ह्याला कोण सांगणार, ह्यात तोंड घातलं तर चालतं म्हणून?" सुलक्षणा म्हणाली.

"म्याच सांगते."

बनाबाई खाली बसली, दोन्ही हात टेकले आणि आपलं नाक चटईत खुपसलं. खऱ्याखुऱ्या कुत्र्यासारखं हुंगत, फुसफुस करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पदर सुटला, केसांत चिंधीचे धागे अडकले.

कुंपणावरून ठकुबाई म्हणाली, "बनाबाई, काय हारवलं का काय?"

"व्हय, नाक हारवलंय," चटईतूनच उत्तर आलं.

"सुलक्षणा, तुज्या सासूला येड लागलं गं!"

"लागू द्या, काकी. तुमीबी या हुडकाया."

ठकुबाई कुंपणाला वळसा घालून खरंच आली, तोंडावर पदर धरून हसत. तोवर करड्याचं नाक बनाबाईच्या नाकाशेजारी आलं होतं. आधी नुसतं टेकलं, मग आत गेलं. चिंध्या हलायला लागल्या. पहिलं डोकं सापडलं तेव्हा तो थबकला आणि वर पाहिलं. कुणी टिचकी मारली नाही. मग मात्र त्याला काही सुचेना. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. सरळ रेघेत नाही, तर वळून वळून, जसा तो डोंगरावर सकाळी वाट हुंगायचा, रात्री कोण आलं, कोण गेलं ते वाचत. बनाबाईनं ते ओळखलं. सुलक्षणानं आणखी एक चटई काढली, मग ठकुबाईनं तुरीचा भुसा भरून एक फुटकी पाटी आणली आणि त्यात एक उकडलेलं अंडं दडवलं. "माज्याच कोंबडीचं हाय," ती म्हणाली. "खाऊ दे मेल्याला."

*

शनिवारी शाळा सकाळची. पोरं साडेसातला जायची. सव्वासातलाच बनाबाईनं चटई मांडली, तीन ठिकाणी सुकट, चार ठिकाणी भाकर, आणि एक तुकडा अगदी मधोमध, गाठीच्या मुळाशी. सोमनाथ दाराशी उभा होता. त्याला दुसरी पाळी होती; झोपायचं सोडून तो उठला होता, का ते त्यानं सांगितलं नाही.

पोरं आली. देवळापाशी थबकली. करड्याचे कान उभे राहिले. त्यानं डोकं वर काढलं, नाकाला एक हिरवी चिंधी चिकटलेली. पोरं पांगलेली होती, कुणी पुढं, कुणी मागं. त्याच्या अंगातून काहीतरी गेलं. तो दोन पावलं रस्त्याकडं आला.

बनाबाईनं हाक मारली नाही. हाकेनं तो आला असता, पण मग ती हाक रोज मारावी लागली असती.

करड्या उभा राहिला. एकदा पोरांकडं पाहिलं, एकदा चटईकडं. वारा ओट्याकडून रस्त्याकडं होता. मधोमधचा तो तुकडा अजून निघाला नव्हता. तो वळला, चटईशी आला आणि नाक आत घातलं.

पोरं निघाली. प्रेरणा सगळ्यांत पुढं, मान ताठ करून. शेवटचं एक पोर मात्र बोरीखाली रेंगाळलं. करड्यानं तुकडा काढला, गिळला, लंगडत रस्त्यावर गेला, त्या पोराला खांद्यानं ढकलत घोळक्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन चटईवर बसला.

सोमनाथला हसू आवरलं नाही.

"येवढं चालतंय," कुंपणावरून ठकुबाई म्हणाली. "ते तसंबी रोज उशीर करतंय."

सोमनाथ आत गेला. दुपारी डबा घेऊन कामावर गेला. उद्याचं बनाबाईनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि ते कसलं आलं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तिनं करड्याच्या अंगाला तेल लावलं, मांडीच्या वणाला जरा जास्त. पाठवायचा झाला तर असाच पाठवायचा, नीट.

*

रविवारी साडेआठला पप्पू आला. टेम्पो दारात लावला, मागून साखळी काढली आणि खळखळ करत अंगणात आला.

"काय आज्जी, बरंय का? कुठाय पैलवान?"

पैलवान चटईत होता. कानापर्यंत.

बनाबाई उभी राहिली. सोमनाथ आतून बनियनवरच बाहेर आला. साखळीकडं बघितलं, आईकडं बघितलं.

"त्याचं खाणं चाललंय," तो पप्पूला म्हणाला. "बस जरा."

"खाणं? आरं, ह्ये कसलं खाणं? किती टाईम लागंल?"

"अर्धा तास."

"अर्धा तास! मला लोक अर्ध्या तासात जेवण, हात धुणं, बडीशेप, समदं उरकाया सांगत्यात."

सुलक्षणानं चहा दिला. पप्पू साखळी मांडीवर घेऊन ओट्यावर बसला आणि बघायला लागला. आधी हसत, मग नुसताच. करड्यानं एक तुकडा शोधला, दुसरा शोधला, तिसऱ्यासाठी सगळी चटई दोनदा धुंडाळली, पंजानं एक गाठ दाबून धरली आणि जिभेनं हळूच काढला. मग एक मोठा सुस्कारा सोडून तिथंच आडवा झाला. चारही पाय लांब. मान चिंध्यांत. दोन महिन्यांत तो असा निजला नव्हता, एक डोळा उघडा न ठेवता.

हायवेवरून एक ट्रक गेला. करड्याचा कानसुद्धा हलला नाही.

"झालं?" पप्पू म्हणाला. "घालू का साखळी?"

सोमनाथनं साखळीवर हात ठेवला.

"निजलेल्याला उठवून न्हेऊ नगंस," तो म्हणाला.

"मग कवा येऊ?"

"येऊ नगंस. म्हंजी ये, चहाला ये. पण ह्याच्यासाठी नगं."

बनाबाई खाली बसली. सुलक्षणा घाईघाईनं आत गेली आणि तिथून कपबशा आपटल्याचा आवाज आला, उगीचच.

पप्पूनं डोकं खाजवलं. "मालकाला काय सांगू आता? तितं एक कुत्रं हाय, पण ते कामाचं न्हाई. साखळीला असतंय. दिवसभर खांबाला फेऱ्या मारतं, नुसता गोल. तितली माती बगा आज्जी, गुळगुळीत झालीय. कुणी गेलं तरी भुंकत न्हाई. गोलच फिरतं."

बनाबाईनं मान वर केली. "कुठलं हाय ते?"

"कुणाला ठावं. गेटवर आलं एक दिवस, मोठंच व्हतं."

"आधी काय काम करत व्हतं? कुणाकडं व्हतं?"

"आज्जी, त्यानं बायोडाटा आणला न्हाई."

"हसू नगंस. इचारावं लागतं." तिनं आत सुलक्षणाला हाक मारली. "दुसरी सुती चटई हाय का गं?" सुलक्षणानं आणलेली चटई तिनं पप्पूपुढं धरली. "ही न्हे. पण ताटातली भाकर बंद करू नगंस, म्या केली तशी. ताटबी दे, हेबी दे. खाल्लं न्हाई तर नाक गेलं म्हणू नगंस. कशाकडं पाठ करून बसतंय ते बग, आन मला येऊन सांग. आन घटकाभर साखळी सोड."

"मालक..."

"मालकाला म्हणावं, आज्जीनं सांगितलंय."

पप्पूनं चटई उलटीसुलटी केली, नाकाशी नेली आणि हुंगली. "मला तर नुसता कापडाचा वास येतोय."

"तुला कुठं हुडकायचंय त्यातलं?" ठकुबाई कुंपणावरून म्हणाली. "तू चहा पी आन जा."

तो गेला. साखळी टेम्पोच्या मागं पडली, चटई त्यानं पुढच्या शिटावर ठेवली. बनाबाई दारात उभी राहून टेम्पो शिवऱ्याच्या दिशेला वळेपर्यंत बघत होती. मग आत येऊन तिनं गोणपाट ओढलं आणि सुलक्षणाला म्हणाली, "भोकं किती अंतरावर पाडायची, दाखव बरं मला."